महागाई आमच्या घरात मोजता, मग भत्ता आम्हालाच का नाही?

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री
तथा अध्यक्ष, केंद्रीय विश्वस्त मंडळ, कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना, नवी दिल्ली



आपल्याकडे दोन पदं आहेत. मंत्री म्हणून आपण सरकारचे आहात. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष म्हणून मात्र आमच्या पैशाचे राखणदार आहात. हे पत्र मी त्या राखणदाराला लिहितो आहे. मंत्र्यांकडे निवेदनं पुष्कळ गेली. ती आवक क्रमांक पडून फायलीत लागली, याची आम्हाला आता सवय झाली आहे. विश्वस्ताला मात्र ज्यांचा पैसा त्यांच्यापुढे हिशेब मांडावाच लागतो.

मी सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी केली. हजेरीपट, पगारपत्रकं आणि फंडाची चलनं भरणं हे माझं काम. आता मीही ईपीएस-९५ चा, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचा, पेन्शनर आहे. गावातले आणि आसपासचे निवृत्त कामगार अजूनही कागद घेऊन घरी येतात. कुणाचं नाव आधारशी जुळत नाही, कुणाचा हयातीचा दाखला लागलेला नाही, कुणाला पेन्शनच्या अर्जाचा १०-डी फॉर्म भरायचा असतो. कामाचं बोलणं संपलं की जवळजवळ प्रत्येक जण जाता जाता एकच विचारतो, "भाऊ, पेन्शन वाढणार का?" माझ्याकडे त्याचं उत्तर नसतं. ते आपल्याकडे आहे, म्हणून लिहितो.

कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती. तिच्यात जमलेला सगळा निधी नव्या योजनेत वळवला गेला. मालक कामगाराच्या नावाने जो फंड भरतो, त्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम तेव्हापासून पेन्शनच्या खात्यात जाऊ लागली. नव्याने कामाला लागणाऱ्याला 'तुला हे हवं का' असं विचारायचा प्रश्नच नव्हता. कायदाच तसा होता. 'तुम्ही निवृत्तीची तरतूद का केली नाही' असा प्रश्न आम्हाला सगळीकडून विचारला जातो. साहेब, आमची तरतूद सरकारने स्वतःच्या हाताने केली होती. रक्कम सरकारने ठरवली, गुंतवणूक सरकारच्या नियमांनी झाली, आणि म्हातारपणी काय मिळणार याचं सूत्रही सरकारनेच लिहिलं.

ते सूत्र प्रत्यक्षात कसं चालतं, हे एका माणसाच्या कागदावरून सांगतो. आमच्या मिल हाऊसमध्ये एक फिटर होते. गाळप सुरू असताना रात्री दोनला रोलर अडला तरी घरून बोलावणं त्यांनाच जायचं. कित्येक हंगाम रोजंदारीवर काढले. त्या काळातला फंड कुणी कापलाच नाही. १९९६ साली कायम झाले आणि २०१३ साली अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी पगार अकरा हजारांच्या पुढे होता. पण पेन्शनसाठी पगाराची कमाल मर्यादा होती ६,५००, म्हणजे ८.३३ टक्क्यांनी महिन्याला ५४१ रुपये खात्यात जायचे. सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. साडेसहा हजार गुणिले सतरा, भागिले सत्तर. उत्तर १,५७९ रुपये.

त्यांच्या पासबुकाची पानं मी पाहिली आहेत. पहिल्या पानावर १,५७९, दुसऱ्यावर १,५७९. ते पासबुक भरलं, नवं मिळालं, त्यातही १,५७९. सरकारने १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन एक हजार केली, तेव्हा गावात पेढे वाटावेत अशी चर्चा झाली होती. यांची पेन्शन आधीच हजाराच्या वर, त्यामुळे यांना त्यातला एक रुपयाही मिळाला नाही. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी त्या पैशात घरचा किराणा आणि लाइट बिल कसंबसं निघायचं. आज रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांनाच नऊशे-हजार लागतात, आणि गॅसचं सिलिंडर आठशेच्या पुढे गेलं आहे. उद्या ते गेले तर त्यांच्या पत्नीला नियमाप्रमाणे निम्मी पेन्शन, म्हणजे ७८९ रुपये. किमान मर्यादा असल्यामुळे ती हजार होईल. एका बाईने महिनाभर हजार रुपयांत काय काय भागवायचं, याचा हिशेब कोणत्याही कार्यालयात कुणी मांडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पेन्शन कमी आहे हे दुःख आहेच. त्याहून मोठं दुःख हे की ती गोठलेली आहे. पंचाहत्तर लाखांहून अधिक पेन्शनर या योजनेत आहेत आणि त्यांच्यापैकी कुणालाही महागाई भत्ता नाही. निवृत्तीच्या दिवशी जो आकडा ठरला, तो मरेपर्यंत तोच. माणूस पंचाहत्तरी गाठतो तेव्हा त्याची पेन्शन नावापुरती उरलेली असते, आणि नेमकी तेव्हाच त्याला तिची सर्वात जास्त गरज असते.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्याच मंत्रालयाचं एक कार्यालय आहे, लेबर ब्युरो. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक ते दर महिन्याला काढतं. मुंबई, नागपूर, सोलापूर, पुणे, नाशिक ही महाराष्ट्रातली केंद्रं त्यात आहेत. कामगार वस्तीतल्या बाजारात डाळ कितीला, तेल कितीला, घरभाडं किती, शाळेची फी किती, हे नोंदवून तो आकडा तयार होतो. याच आकड्यावरून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणि निवृत्तांना जानेवारीत आणि जुलैत महागाई भत्ता मिळतो. तो त्यांना मिळावा, त्यात माझी कसलीही तक्रार नाही. पण महागाई मोजायची गिरणी कामगाराच्या, फिटरच्या, वीज मंडळातल्या लाइनमनच्या घरखर्चावरून, आणि तिचा भत्ता फक्त त्याच्याच पेन्शनमध्ये नाही! असं का, हे गेल्या तीस वर्षांत आम्हाला कुणीही समजावून सांगितलेलं नाही.

माजी खासदारांची पेन्शनसुद्धा आता महागाईशी जोडलेली आहे. २०१८ साली कायद्यात तशी सोय झाली आणि एप्रिल २०२३ पासून ती २५,००० वरून ३१,००० झाली. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन योजना आली. तिच्यात दहा वर्षं सेवा झालेल्याला किमान दहा हजारांची हमी आहे, वर महागाई दिलासा. आमच्या योजनेतही पेन्शनला पात्र व्हायला दहाच वर्षं लागतात आणि हमी आहे एक हजाराची. आमच्या राज्यात संजय गांधी निराधार योजनेत आणि श्रावणबाळ योजनेत महिन्याला निदान दीड हजार मिळतात. त्या माणसांना ते मिळालेच पाहिजेत, खरं तर वाढून मिळाले पाहिजेत. पण ज्याच्या नावाने वर्षानुवर्षं वर्गणी भरली गेली, त्याचं किमान निवृत्तिवेतन निराधाराच्या मदतीहून कमी, ही गोष्ट ऐकूनच माणसाचा कायद्यावरचा विश्वास डळमळतो.

यावर दिल्लीहून दरवेळी एकच उत्तर येतं: ३१ मार्च २०१९ च्या मूल्यांकनात पेन्शन निधीत तूट आहे. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. हिशेबाचा माणूस आहे, आकड्यांना मान देतो. प्रत्येक पेन्शनरला महिन्याला फक्त दोन हजार वाढवून द्यायचे म्हटले तरी पंचाहत्तर लाख माणसांचे वर्षाला अठरा हजार कोटी होतात. सहा हजार वाढवायचे तर चोपन्न हजार कोटी. या रकमा लहान नाहीत. आमच्या सभांमधूनही हे मोकळेपणाने सांगितलं जावं, असं मला वाटतं. पण तूट आली कुठून, हेही त्याच मोकळेपणाने सांगा.

केंद्र सरकार या योजनेत पगाराच्या १.१६ टक्के भरतं, तेही कमाल मर्यादेपर्यंतच्या पगारावर. १९७१ च्या कुटुंब पेन्शन योजनेतही सरकारचा वाटा तेवढाच होता. ती योजना कामगार गेल्यावर त्याच्या विधवेसाठी आणि मुलांसाठी होती. १९९५ साली तिच्या जागी आलेल्या योजनेवर निवृत्त कामगाराच्या आयुष्यभराच्या पेन्शनची जबाबदारी आली, आणि सरकारचा वाटा होता तिथेच राहिला. पगाराची मर्यादा २००१ मध्ये ६,५०० झाली, ती थेट २०१४ पर्यंत हलली नाही. त्या तेरा वर्षांत पगार वाढले, महागाई वाढली, पण खात्यात जाणारे ५४१ रुपये ५४१ च राहिले. २०१४ मध्ये मर्यादा १५,००० झाली आणि पुन्हा तशीच वर्षानुवर्षं ठेवली गेली. वर्गणी ज्या पगारावर घ्यायची तो पगार सरकारने बांधून ठेवला, स्वतःचा वाटा वाढवला नाही, आणि निधीत कमी पडलं की तुटीचं कारण पेन्शनरला दाखवलं. विश्वस्त असं वागत नाही.

याच २०१४ च्या दुरुस्तीने पेन्शनपात्र पगार शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांच्या सरासरीवर नेला. म्हणजे नोकरीच्या अखेरीस मिळालेल्या वाढीचा फायदाही घटला. त्याआधी २००८ मध्ये पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याची आणि भांडवल परत मिळण्याची सोय काढून टाकली होती. पूर्ण पगारावरच्या वाढीव पेन्शनच्या खटल्याबद्दल मी इथे फार लिहीत नाही. ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर साडेसतरा लाखांच्या आसपास अर्ज आले, आणि त्यांचं पुढे काय झालं हे आपल्या कार्यालयांना ठाऊक आहे. १ सप्टेंबर २०१४ पूर्वी पर्याय न देता निवृत्त झालेले आमचे फिटर त्यात बसतच नाहीत. पूर्ण पगारावर वर्गणी भरायचा पर्याय कायद्यात होता, हेच त्यांना निकालाच्या बातम्यांमधून कळलं.

राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्ये किमान पेन्शन तीन हजार करावी अशी शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी. पुढे आम्ही त्यांना महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून पाहिलं. ती शिफारस आली तेव्हा आमचे फिटर नुकतेच निवृत्त झाले होते. २०१९ मध्ये असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन योजना निघाली, तिच्यात साठीनंतर तीन हजार देण्याचं वचन आहे. म्हणजे तीन हजार ही रक्कम सरकारलाही फार वाटत नाही. ती फार वाटते ती फक्त आमच्या बाबतीत.

आता कंपन्यांविषयी. काळजी पेन्शनरांची आहेच, पण मला झोप लागत नाही ती आज कामावर असलेल्या पोरांच्या विचाराने.

मालकाने म्हाताऱ्या कामगाराची जबाबदारी घ्यायची, ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. जमशेटजी टाटांनी नागपूरला १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६ मध्ये तिथल्या कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. तेव्हा तशी सक्ती करणारा कोणताही कायदा नव्हता. ती मिल आता नाही, पण पायंडा होता. पुढे मोठ्या कंपन्यांनी निवृत्तीसाठीचे सुपरॲन्युएशन फंड काढले, आयुर्विमा महामंडळाकडे ग्रुप योजना घेतल्या. शेवटच्या पगाराच्या प्रमाणात पेन्शन देऊ, असं कंपनी लिहून द्यायची. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांनी ते लिहून देणं हळूहळू थांबवलं. आता कंपनी म्हणते, आम्ही ठरावीक रक्कम भरू, पुढे बाजारात जे होईल ते तुझं. मध्यंतरी २००५ ते २००९ या काळात कर्मचाऱ्यांना दिलेल्या सवलतींवरच्या फ्रिंज बेनिफिट टॅक्समध्ये सुपरॲन्युएशनची वर्गणीही ओढली गेली. कंपन्यांना हात झटकायला ते एक निमित्त झालं. धोका कंपनीच्या ताळेबंदातून उचलून कामगाराच्या घरात नेऊन ठेवला, आणि त्याला नाव दिलं गुंतवणुकीचं स्वातंत्र्य.

ज्याचा पगार साठ-सत्तर हजार आहे, त्याला हे स्वातंत्र्य थोडंफार वापरता येईल. तो एनपीएसमध्ये भरेल, म्युच्युअल फंडात एसआयपी लावेल. पण पगारपत्रकं मी आयुष्यभर लिहिली आहेत. बारा-चौदा हजार हातात येणाऱ्या माणसाचा महिना कसा जातो ते मला माहीत आहे. वीस तारखेला उचल मागायला तो टाइम ऑफिसच्या खिडकीशी येतो. त्याच्यापुढे निवृत्तीच्या नियोजनाचं पत्रक ठेवण्यात काय अर्थ आहे? त्याच्या हाती एकच मोठी रक्कम येते, ती फंडाची. ती घराच्या स्लॅबमध्ये जाते, मुलीच्या लग्नात जाते, नाहीतर दवाखान्यात जाते. त्याला उधळपट्टी म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. त्याच्याकडे त्या गरजांसाठी दुसरा पैसाच नव्हता. म्हणून तर महिन्याला येणाऱ्या, काढून खर्च न करता येणाऱ्या पेन्शनची गरज सगळ्यात जास्त त्याला आहे.

आज चाकणच्या, वाळूजच्या, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहून विचारा. बाहेर पडणाऱ्यांतले बरेच जण कंत्राटी. एकाच मशिनवर एकच मुलगा काम करतो, पण त्याचा मालक दर काही महिन्यांनी बदलतो. ठेकेदार बदलला की नवी नोंद, मध्ये खंड, कधी भरणाच झालेला नाही. मग पोरगा वैतागून १०-सी भरतो आणि पेन्शनच्या खात्यातले पैसे काढून घेतो. दहा वर्षं कधी पूर्ण होतच नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मंडळाने पेन्शनची रक्कम काढण्यासाठी दोन महिन्यांऐवजी ३६ महिने थांबायला लावण्याचा निर्णय घेतला. त्यामागचा हेतू मला पटतो, सेवा जोडली जावी हाच तो हेतू असणार. पण दार नुसतं बंद करून सेवा जोडली जात नाही. ज्या कारखान्यात तो रोज राबतो त्या मूळ मालकावर सलग भरण्याची जबाबदारी टाकली, तरच ती जोडली जाईल.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा फंडात आलेल्या ज्या कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० च्या वर आहे, तो या पेन्शन योजनेत येऊच शकत नाही. त्याचे सगळे पैसे फंडात जातात, पेन्शन शून्य. मर्यादा जितकी वर्षं गोठलेली राहील, तितके अधिक तरुण कामाला लागतानाच पेन्शनच्या बाहेर राहतील. कुणी योजना बंद केल्याची घोषणा करणार नाही आणि योजना आपोआप ओस पडत जाईल. नवे वर्गणीदार कमी आले की तूट आणखी वाढेल, आणि तेव्हा पुन्हा आम्हालाच तुटीचा कागद दाखवला जाईल.

आमचे लोक स्वस्थ बसलेले नाहीत. ईपीएस-९५ राष्ट्रीय संघर्ष समितीने बुलडाण्यात २४ डिसेंबर २०१८ रोजी साखळी उपोषण सुरू केलं. सत्तरी ओलांडलेले एसटीचे कंडक्टर, सूतगिरणीतले कामगार, वीज मंडळातले लाइनमन पाळीपाळीने तिथे बसले. त्यांची मागणी साडेसात हजार किमान पेन्शन, वर महागाई भत्ता आणि पती-पत्नीला मोफत औषधोपचार अशी आहे. साडेसात हजार म्हणजे पंधरा हजारांच्या मर्यादेवर पस्तीस वर्षांच्या पेन्शनपात्र सेवेला आजच्या सूत्राने मिळणारी रक्कम. किमान तेवढं द्यायचं तर सूत्रही बदलावं लागेल, हे मला कळतं. तरीही ती मागणी अवाजवी आहे असं मी म्हणणार नाही. निम्मी मंजूर झाली तर अर्धी भाकरी घेऊन आमची माणसं उठतील, असंही नाही. पण माझं वैयक्तिक मत असं की रकमेच्या आधी भत्त्याचं तत्त्व मान्य करून घ्यावं. आज साडेसात हजार मिळाले आणि पुन्हा गोठले, तर बारा वर्षांनी आमच्या मुलांना हेच पत्र पुन्हा लिहावं लागेल.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीत एवढे विषय घ्यावेत, ही विनंती. लेबर ब्युरोच्या निर्देशांकाशी ईपीएस-९५ ची प्रत्येक पेन्शन जोडावी, फक्त किमान पेन्शन नाही. कोश्यारी समितीने सांगितलेले तीन हजार २०१३ च्या किमतींचे होते, ते आजच्या किमतींत मोजून तिथून किमान पेन्शनची सुरुवात करावी. सरकारचा १.१६ टक्के वाटा वाढवावा आणि पगाराची मर्यादा कुणाच्या मर्जीवर न ठेवता ठरावीक काळाने आपोआप वाढेल अशी करावी. कंत्राटी कामगाराच्या खंडाला मूळ मालक जबाबदार राहील, असा नियम करावा. आणि निधीच्या मूल्यांकनाचा अहवाल मराठीसह सगळ्या भाषांत, सामान्य माणसाला वाचता येईल असा प्रसिद्ध करावा. तूट किती, कोणत्या वर्षापासून, कोणत्या निर्णयामुळे, हे त्यात स्पष्ट असावं.

यातली जी गोष्ट शक्य नाही ती का शक्य नाही, हे आकड्यांसह कळवावं. आम्हाला आकडे समजतात. आमच्यातल्या पुष्कळांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे पगार काढले आहेत.

आपला विश्वासू,
सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातला एक निवृत्त कर्मचारी